कार्ड उघडल्यावर नक्की कोण बोलतं?

गणपतीसमोर ‘जिंगल बेल्स’ वाजताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. अष्टविनायकांपैकी दोन गणपती आमच्या जुन्नर तालुक्यात आहेत, एक लेण्याद्रीला आणि एक ओझरला. तरीही नव्वदच्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षं नारायणगाव-मंचरकडच्या घरांमध्ये मखराभोवती लायटिंगची जी माळ असायची, तिचा छोटासा डबा ख्रिसमसच्या चाली किणकिणत असायचा. कुणाला ते खटकायचं नाही. आरती सुरू झाली की कुणीतरी माळेचा प्लग काढायचं आणि आरती संपली की परत लावायचं.

यावर हसून पुढे जाता येतं. पण मला यात एक सरळ प्रश्न दिसतो. घर आपलं, देव आपला, माळ आपल्या पैशाची. मग तिनं काय वाजवायचं हे कुणी ठरवलं? त्या डब्यात जो भाग होता, त्याच जातीचा भाग वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डात असायचा. दारावरच्या बेलमध्ये, रिव्हर्स घेणाऱ्या गाडीत आणि जत्रेतल्या खेळण्यातल्या मोबाईलमध्येही त्याचेच भाऊबंद असायचे. पुस्तकाची समीक्षा होते, सिनेमाची होते, हल्ली वेब सिरीजचीही होते. उघडल्यावर गाणाऱ्या किंवा बोलणाऱ्या भेटकार्डाची कुणी करत नाही. खरं तर ती वस्तू म्हणजे मजकूर, आवाज आणि यंत्र यांची एकत्र रचना आहे, आणि आपल्या अगदी खासगी प्रसंगांत तिनं आपल्या वतीनं तोंड उघडलेलं आहे. म्हणून ही तिची समीक्षा.

आधी कार्ड फाडून बघू. दोन जाड कागदांच्या मध्ये चिकटवलेली एक पातळ पट्टी निघते. पट्टीवर एक काळा, फुगीर, वाळलेल्या डिंकाच्या थेंबासारखा ठिपका असतो. तो म्हणजे चिप. एरवी चिपला प्लास्टिकचं चौकोनी घर आणि धातूचे पाय असतात. इथं तो खर्च वाचवलेला असतो. सिलिकॉनचा उघडा तुकडा थेट पट्टीवर चिकटवायचा, केसापेक्षा बारीक तारांनी तो पट्टीला जोडायचा आणि वर काळ्या इपॉक्सीचा थेंब टाकायचा. थेंब वाळला की आतलं काही दिसत नाही आणि दुरुस्तही होत नाही. शेजारी बटणाएवढे दोन किंवा तीन सेल असतात. आवाजासाठी एकतर पितळेची पातळ चकती असते, जिच्यावर वीज दिली की वाकणारा सिरॅमिकचा थर असतो, किंवा एक छोटा स्पीकर असतो. पितळी चकती किणकिणाट छान करते, पण माणसाचा आवाज तिला झेपत नाही. म्हणून गाणाऱ्या स्वस्त कार्डात चकती आणि बोलणाऱ्या कार्डात स्पीकर, अशी साधारण विभागणी असते.

सगळ्यात हुशार भाग म्हणजे स्विच. घडीच्या जागी धातूच्या दोन पात्या एकमेकींवर टेकलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकची एक जीभ सरकवलेली असते. कार्ड उघडलं की जीभ मागे ओढली जाते, पात्या टेकतात आणि गाणं सुरू होतं. कार्ड मिटलं की जीभ परत आत. ‘कार्ड उघडणं’ ही आपली जुनी, हातातली क्रिया या रचनेनं जशीच्या तशी ठेवली, तिच्यासाठी वेगळं बटण दाबायला लावलं नाही. या वस्तूच्या रचनाकारांचं मनापासून कौतुक करावं अशी ही जागा आहे.

कारखान्याच्या बाजूनं पाहिलं तर चिप बनवणं हे यंत्राचं काम आहे, पण जीभ घडीत नीट बसवणं, पट्टी चिकटवणं, उघडून वाजवून बघणं हे हातांचं काम आहे. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या कारखान्यांमध्ये या वस्तू मोठ्या प्रमाणावर बनल्या, त्यामागे सुट्या भागांची जवळीक आणि स्वस्त हात ही दोन्ही कारणं होती. म्हणजे तुमचं कार्ड तुमच्या मैत्रिणीनं उघडण्याआधी कुणीतरी अनोळखी बाईनं किंवा पोरानं एकदा उघडून ऐकलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. तिला ते गाणं दिवसातून किती वेळा ऐकावं लागत असेल याचा मी कधीकधी विचार करते.

आता गाण्याकडे येऊ. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते तेव्हा पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत ‘यूएम ६६’ मागितलं की दुकानदार न बघता डब्यात हात घालायचा. तैवानच्या यूएमसी कंपनीचा हा तीन पायांचा भाग दिसायला साध्या ट्रान्झिस्टरसारखा असतो. एका पायाला प्लस, एकाला मायनस, तिसऱ्यातून गाणं. आत ६४ सुरांची जागा असते आणि दीड व्होल्टच्या एका सेलवरही तो वाजतो. नावापुढच्या आकड्यावरून गाणं कळतं. शेवटी ०१ असेल तर ख्रिसमसच्या चाली, ०५ म्हणजे ‘होम स्वीट होम’, ०८ म्हणजे ‘हॅपी बर्थडे’, ०९ म्हणजे मेंडेलसनचा वेडिंग मार्च, १९ म्हणजे बेथोव्हेनचं ‘फ्यूर एलीझ’. अर्ध्या भारताला बेथोव्हेन भेटला तो असा, कुणाच्या तरी दारावरच्या बेलमधून. त्याचं नाव मात्र कुणी सांगितलं नाही.

ही यादी पुन्हा वाचा. तिच्यात काय नाही ते दिसेल. भूपाळी नाही, ओवी नाही, मंगलाष्टकाची चाल नाही. यामागे कुणाचा कट नव्हता, हिशेब होता. या चिपमधलं गाणं नंतर भरलेलं नसतं. चिप बनवतानाच, ज्या छापावरून तिची रचना उमटते त्या छापातच गाणं कोरलेलं असतं. याला मास्क रॉम म्हणतात. गाणं बदलायचं तर छाप बदलायचा, आणि छापाचा खर्च एकदम अंगावर येतो. तो वसूल व्हायचा तर त्याच गाण्याच्या चिपा प्रचंड संख्येनं खपल्या पाहिजेत. म्हणून न्यूयॉर्कपासून नारायणगावपर्यंत सगळीकडे चालेल असंच गाणं निवडलं जातं. पुढे अखिल भारतीय बाजार दिसल्यावर मंत्र म्हणणारे डबे आणि आरती वाजवणाऱ्या बेल आल्या, कारण तिथेही खप देशभराचा होता. मराठीत बोलणारं तयार भेटकार्ड मात्र जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या चारही बाजारपेठांत मला आजवर दिसलेलं नाही. मराठी माणसाला भावना कमी आहेत म्हणून नाही. एका छापाचा खर्च निघेल इतके ग्राहक एकाच वेळी एकाच वाक्यासाठी गोळा होत नाहीत, म्हणून.

माझी या वस्तूवरची पहिली टीका इथं आहे. कार्ड हा ‘खास तुझ्यासाठी’ म्हणून विकला जाणारा माल आहे आणि त्याचा आवाज मात्र ‘कुणालाही चालेल’ या कसोटीवर निवडलेला आहे. वर गंमत अशी, की सगळ्यांचं समजलं जाणारं ‘हॅपी बर्थडे’सुद्धा सगळ्यांचं नव्हतं. अमेरिकेत एक संगीत प्रकाशन कंपनी त्या गाण्याचे हक्क आपले असल्याचं सांगून पैसे घेत होती. २०१५ मध्ये न्यायालयानं तो दावा फेटाळला आणि २०१६ मध्ये तडजोड होऊन गाणं मोकळं झालं.

दुसरी टीका कार्डावर नाही, त्याच्या कौतुकावर आहे. तुम्ही रील्समध्ये हे वाक्य ऐकलं असेल: गाणाऱ्या कार्डातल्या चिपमध्ये १९४५ साली दोस्त राष्ट्रांच्या सगळ्या सैन्यांकडे मिळून जितकी संगणकशक्ती होती, तिच्यापेक्षा जास्त शक्ती असते. भौतिकशास्त्रज्ञ मिचिओ काकू यांनी ‘फिजिक्स ऑफ द फ्युचर’ या २०११ च्या पुस्तकात या अर्थाचं विधान केलं आणि ते जगभर फिरलं. ऐकायला भारी आहे, पण काय मोजलं जातंय ते बघा. यूएम ६६ सारखी चिप गणित करत नाही. ती पुढचा सूर कोणता एवढं क्रमानं वाचते आणि तो वाजवते. तिला दुसरं काम सांगता येत नाही. १९४५ साली ब्लेचली पार्कमध्ये कोलोसस नावाची यंत्रं होती, युद्ध संपेपर्यंत अशी १० झाली होती, आणि शत्रूच्या सांकेतिक संदेशांवर ती वेगवेगळ्या प्रकारे चालवता येत होती. खोल्या भरून टाकणारं ते यंत्र माणसाचं ऐकत होतं. कार्डातली चिप कुणाचंच ऐकत नाही. वेगाचे आकडे शेजारी ठेवून दोघांची तुलना करणं म्हणजे बैलगाडी आणि भिंतीवरचं घड्याळ यांच्या चाकांचे फेरे मोजण्यासारखं आहे. या कौतुकामुळे खरा प्रश्न मागे पडतो. चिप किती ताकदीची आहे, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. तिच्यात आपल्याला काही ठेवता येतं का, हा वाटतो.

ते शक्य झालं १९९० च्या दशकात. कॅलिफोर्नियातल्या आयएसडी या कंपनीनं एक चिप काढली, जिच्यात आवाज रेकॉर्ड करता येतो आणि बॅटरी काढली तरी तो राहतो. तिची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. संगणक आवाजाचे शून्य आणि एक करतो. या चिपनं ते टाळलं. आवाजाची लाट एका सेकंदात सुमारे ८,००० वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजमाप विद्युतभाराच्या कमी-जास्त पातळीच्या रूपात एकेका सूक्ष्म कप्प्यात थेट साठवायचं. भरलेल्या हंड्यांची लांबच लांब रांग डोळ्यांपुढे आणा, प्रत्येकात पाणी वेगळ्या उंचीवर. त्या उंच्या ओळीनं वाचल्या की आवाज परत येतो. पहिल्या चिपांपैकी एकीत असे सव्वा लाखाहून अधिक कप्पे होते आणि त्यांत १६ सेकंद मावत. थोड्या सावकाश मोजलं तर २० सेकंद मावत, पण आवाज आणखी घुसमटायचा. याच तत्त्वावरची आणि नंतरची आणखी स्वस्त मॉड्यूल कार्डात आली तेव्हा दहा सेकंद हे माप रूढ झालं.

दहा सेकंदांच्या या आवाजाला कानानं नीट वाचलं पाहिजे. सेकंदाला ८,००० मोजमापं घेतली की वरच्या पट्टीतला आवाज गाळून टाकावा लागतो. साध्या टेलिफोनवर ऐकू येतो तेवढाच पट्टा उरतो. स्वर टिकतात, उष्मवर्णांवर संक्रांत येते. ‘स’ची सगळी धार त्या गाळलेल्या भागात असते. त्यामुळे साळ आणि फाळ यांतला फरक संदर्भावरून लावावा लागतो. मराठीची आणखी एक खास अडचण आहे. आपल्याकडे ‘जग’ हा शब्द दोन उच्चारांचा आहे. एक जग म्हणजे दुनिया आणि दुसरा म्हणजे जगत राहा. दोन ‘ज’मधला फरक त्याच बारीक सळसळीत असतो आणि या चिपमधून येताना तो पुसट होतो. आजीनं नातवाला ‘शंभर वर्षं जग’ म्हटलं तर कार्ड तो आशीर्वाद जरा परका करून सांगेल. पुरुषांचे खर्जातले आवाज छोट्या स्पीकरमधून पोकळ येतात. थोडक्यात, हे माध्यम तटस्थ नाही. बोलणाऱ्याचा चेहरा ते दाखवतं, पण मांडवाच्या कापडाआडून.

तरीही, याच घुसमटलेल्या दहा सेकंदांत या कलाप्रकाराची सगळ्यात चांगली कृती मी ऐकली आहे. त्यासाठी थोडं आमच्या भागाबद्दल सांगावं लागेल.

मुंबईचे डबेवाले मूळचे कुठले, असं विचारलं तर उत्तर खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी असं येतं. म्हणजे आमच्याकडची अनेक घरं पिढ्यान्‌पिढ्या दोन ठिकाणी राहिली. बाप्या माणूस मुंबईला, बाकीचं घर गावाला. मधला दुवा मनिऑर्डर, आंतरदेशीय पत्र आणि गावी निघालेल्या कुणाच्या तरी हाती दिलेला निरोप. माझे आईचे वडील डबे पोचवायचे. मी पाचवीत असताना, माझ्या वाढदिवसाला त्यांनी मुंबईहून गाववाल्याच्या हाती एक कार्ड पाठवलं. त्यात स्वतःचा आवाज भरता यायचा. दुकानातल्या पोरानं त्यांना बटण कसं दाबायचं ते दाखवलं असणार. कार्ड उघडल्यावर ऐकू आलं ते असं: आधी रस्त्याचा गोंगाट, मग “दाबलंय का? बोलू का आता?”, मग कुणाचं तरी “बोला, बोला”, मग घसा खाकरणं आणि शेवटी, “मोठी हो गं बाय, आन्‌...” इथं दहा सेकंद संपतात.

घरातले सगळे हसले. आम्ही ते कार्ड इतक्या वेळा उघडलं की पुढच्या दिवाळीपर्यंत ते मुकं झालं. आजोबा गेल्यावर आईनं ते ट्रंकेत ठेवलं, मुकंच. ‘आन्‌’च्या पुढे ते काय म्हणणार होते, हे त्यांना विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांना आठवलं असतं असं नाही.

मी समीक्षक म्हणून बोलते आहे, नात म्हणून नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. पण नातं बाजूला ठेवूनही या दहा सेकंदांत मला जे दिसतं ते सांगते. कार्डाच्या आत छापलेला इंग्रजी मजकूर गुळगुळीत होता, चार ओळींचं यमक, कुणाच्याही नातीला चालेल असं. तो मला आता आठवतही नाही. रेकॉर्डिंगमध्ये मात्र एक माणूस आहे ज्याला यंत्रावर भरवसा नाही, जो बोलायची परवानगी मागतो, ज्याला वेळ पुरत नाही. आयुष्यभर इतरांचे डबे वेळेवर पोचवणारा माणूस स्वतःच्या निरोपासाठी मिळालेल्या दहा सेकंदांपैकी सात विचारण्यात घालवतो. हे कुणी लिहून काढलं असतं तर आपण त्याला चांगली कथा म्हटलं असतं. इथं ते यंत्राच्या मर्यादेनं घडवलं. तयार आवाजाच्या कार्डात चुकायला जागा नसते, म्हणून तिथं कुणी माणूसही सापडत नाही. रेकॉर्ड करायच्या कार्डात जागा असते, आणि त्या जागेत बहुतेक लोक घाबरून छापील वाक्यच म्हणतात, हा त्या प्रकाराचा दोष नाही, आपल्या सवयीचा आहे.

आता या वस्तूवरची माझी तिसरी आणि सगळ्यात गंभीर टीका. आमच्या घरी सगळ्यांनी धरून चाललं होतं की कार्ड ‘मेलं’. ते मेलेलं नव्हतं. आयएसडीच्या चिपांच्या माहितीपत्रकात आवाज साधारण १०० वर्षं टिकेल असं म्हटलेलं असतं. मरतात ते सेल. अल्कलाइन बटण सेल वापरा किंवा नुसते ठेवा, काही वर्षांत उतरतातच. म्हणजे शतकभर टिकणारी आठवण आणि दोन-तीन वर्षांचं पोट, अशी ही विजोड जोडी आहे. कारखान्यानं ती दोन कागदांच्या मध्ये डिंकानं बंद केलेली असते. सेल बदलायला झाकण नाही, कुठला सेल आहे हे वर लिहिलेलं नाही, बदलता येतो अशी सूचनाही नाही. घड्याळाचा सेल आपण बदलतो, रिमोटचा बदलतो. कार्डाचा सेल बदलायचा असतो हेच आपल्याला सांगितलेलं नाही. शंभर रुपयांच्या आसपासच्या वस्तूला झाकण परवडत नाही, हा कारखान्याचा बचाव मला समजतो. पण ज्या कार्डात लोक स्वतःचा आवाज ठेवतात, त्यावर ‘आत एलआर ४४ चे तीन सेल आहेत’ एवढी एक ओळ छापायला काय लागतं? तेवढ्या एका ओळीअभावी किती घरांतून आजी-आजोबांचे आवाज रद्दीत गेले असतील.

मी मंचरच्या एका घड्याळवाल्याकडून तीन सेल घेतले, ब्लेडनं कार्डाची मागची बाजू सोडवली, जुने सेल काढले. पात्यांवर पांढरट गंज होता, तो पुसला. आणि आजोबांनी पुन्हा विचारलं, दाबलंय का.

जुन्नरची गोष्ट करताना कागदाला विसरून चालणार नाही. जुन्नर शहरातली कागदी घराणी हातानं कागद बनवायची आणि पेशवाईच्या काळात तो ‘जुन्नरी कागद’ पुण्याच्या दफ्तरांत वापरात होता. चिंध्या, गोणपाट, जुना कागद कुटून, लगदा करून, एकेक ताव उचलून, वाळवून, घोटून. त्या काळातली हातकागदावरची मोडी पत्रं आजही पुण्याच्या पेशवे दफ्तरात वाचता येतात, मोडी येत असेल तर. मला जुनं ते सोनं असं म्हणायचं नाही. त्या कागदावर लिहिणं हा मूठभरांचा हक्क होता. माझ्या आजोबांच्या आज्याला आवाज असूनही तो कुठल्याच तावावर उतरला नाही, आणि माझ्या आजोबांचा, अर्धवट का होईना, एका स्वस्त चिपवर उतरला. हा फरक फार मोठा आहे. पण जुन्नरी कागद वाचायला सेल लागत नव्हता, हेही तितकंच खरं. नव्या माध्यमानं आवाज जास्त लोकांना दिला आणि तो टिकवायची जबाबदारी कुणावरच ठेवली नाही.

हे तुम्हाला, फोनवर हा लेख वाचणाऱ्यांना, जुन्या वस्तूचं पुराण वाटेल. तर तुमचा फोन बघा. व्हॉइस नोट हे बोलकं कार्डच आहे, फक्त त्याची घडी, जीभ आणि दहा सेकंदांची भिंत काढून टाकलेली. भिंत गेली त्याचा फायदा उघड आहे. आजोबांना ‘आन्‌’ च्या पुढचं बोलता आलं असतं. पण भिंतीबरोबर दुसरंही काही गेलं. २०२१ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज दीडपट, दुप्पट वेगानं ऐकता येतो, आणि आपण आईचा निरोप दुप्पट वेगानं ऐकतो. फोन बदलताना, स्टोरेज भरल्यावर, ‘क्लिअर चॅट’ करताना हे आवाज जातात, आणि जाताना कार्डासारखा क्षीण, रडका सूरही काढत नाहीत. कार्डाची बॅटरी उतरत आली की गाणं हळूहळू भेसूर व्हायचं. ते कानाला त्रासदायक होतं, पण ती सूचना होती. फोन तशी काही सूचना देत नाही. एक दिवस आवाज असतो, दुसऱ्या दिवशी नसतो.

आमच्याकडे खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, काही मध्यभागी आणि बाकीच्या २५ किलोमीटरपर्यंत तीन दिशांना पसरलेल्या. आकाशातून येणारे अत्यंत क्षीण रेडिओ संकेत ऐकणं हे त्यांचं काम. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथं लोकांना आत येता येतं आणि शाळांची पोरं स्वतः बनवलेली मॉडेल घेऊन येतात. बझर आणि मेलडी चिप हे अशा मॉडेलांचं हमखास गिऱ्हाईक. पाणी भरलं की वाजणारी टाकी, दार उघडलं की वाजणारा चोर-अलार्म. पोरं वायर कुठून कुठे जाते ते धडाधडा सांगतात. काळ्या ठिपक्यात काय आहे विचारलं की “आयसी आहे मॅडम” एवढ्यावर उत्तर थांबतं. दोष पोरांचा नाही. ठिपका बनवलेलाच असा आहे की प्रश्न त्याच्यापाशी येऊन थांबावा. शिक्षकांनी तिथून पुढे न्यावं एवढीच अपेक्षा. आज एखाद्या स्वस्त मॉड्यूलमध्ये पोरांना स्वतःचा आवाज स्वतः भरता येतो. टाकी भरल्यावर ‘जिंगल बेल्स’ऐवजी आजीनं ओरडावं, “अरे मोटार बंद करा!” असं मॉडेल मला बघायचंय. त्यात विज्ञान तितकंच राहील आणि काय वाजवायचं हे पहिल्यांदाच घरातलं कुणीतरी ठरवेल.

तर निकाल असा. गाणारं कार्ड: रचना उत्तम, आवाज उसना. तयार वाक्य बोलणारं कार्ड: महागडी शुभेच्छा, ज्यात देणाराही नाही आणि घेणाराही नाही. आवाज भरायचं कार्ड: मर्यादित, घुसमटलेलं, बांधणीत अक्षम्य निष्काळजी, आणि तरीही या तिघांत जपून ठेवावं असं एकच.

तुमच्या घरी असं एखादं मुकं कार्ड, कीचेन किंवा बोलकी बाहुली पडलेली असेल तर ती टाकू नका. मागची बाजू अलगद सोडवा. सेलवर बारीक अक्षरांत नंबर असतो, एलआर ४१, एलआर ११३० किंवा एलआर ४४, तो बघा. एजी ३, एजी १० आणि एजी १३ ही त्यांचीच दुसरी नावं. कुठली बाजू वर आहे त्याचा फोटो काढून ठेवा आणि तसेच नवे घाला. काही स्वस्त मॉड्यूलमध्ये सेल काढल्यावर आवाज पुसला जातो. म्हणून अजून थोडी धुगधुगी असेल तर आधी तो फोनवर रेकॉर्ड करून घ्या. पूर्ण मुकं असेल तर तसंही गमावण्यासारखं काही उरलेलं नाही. रेकॉर्ड करायचं बटण चुकूनही दाबू नका. जुने सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. बटण सेल गिळला तर अन्ननलिका भाजते, आणि तेही तासा-दोन तासांत. मग पात्या पुसा, कार्ड मिटा आणि घरातल्या सगळ्यांना बोलावून एकदा उघडा.